वाव

महिन्याचा दुसरा नि चौथा गुरुवार.
चिपळूणहून डॉक्टरीणबाई दापोलीला येतात,
औषधांच्या दुकानामागच्या खोलीत बसतात
दहा ते एक.
वेलदुरातून आम्ही उजाडायच्या आत निघतो.
धोपाव्यापर्यंत रिक्षा, ऐंशी.
फेरीबोट, दोघांचे चाळीस.
दाभोळहून एसटी: माझं तिकीट अर्धं, दादाचं पुरं.
बाईंचे सहाशे.
पंधरा दिवसांच्या गोळ्या नऊशे साठ.
आणि कोळंबी सोलायच्या शेडमधला माझा खाडा,
तो या खाडीपेक्षा रुंद.

पद्मादादा तांडेल होता.
काळोखात शिसं बांधलेली दोरी सोडायचा,
दोरी बोटांतून सरकताना सांगायचा:
सात वाव, खाली रेव, पुढं घ्या.
अकरा वाव, खाली चिखल, टाका जाळं.
नारळी पौर्णिमेला सगळ्या नावा उतरल्या,
तो पडवीतून उठला नाही.
भरती येते, ओहोटी लागते,
त्याची दोन्हींकडे पाठ.
वहिनी चार दिवसांसाठी माहेरी गेली
त्याला आता शिमगा येईल.

आधी गाऱ्हाणं घातलं.
कोंबडा, नारळ, भगताचे पाचशे, मग अकराशे.
तो हिशोब मी वहीत लिहिला नाही,
कुणी विचारलाही नाही.
खरं सांगायचं तर तेव्हा सगळी वाडी सोबत होती,
बायकांनी भाकऱ्या बांधून आणल्या होत्या.
दापोलीला मात्र आम्ही दोघंच.
फेरीबोटीवर कुणी भेटतंच,
"खंय गो कुंदे, सकाळीच?"
"दादाचे डोळे दाखवायला."

नाखवा म्हणाला, नुसतं बोलायचे सहाशे?
माझ्याशी बोल रे पद्मा, मी फुकट ऐकतो.
आणि अर्धा तास बोलला,
स्वतःच,
डिझेलच्या भावावर.

रत्नागिरीला पैसे पडत नाहीत म्हणतात.
पण आमच्याकडं "रत्नागिरीला नेलं"
या वाक्याला परतीचं तिकीट नसतं.

पहिले तीन गुरुवार तो गप्प.
अठराशे रुपयांची शांतता
मी पिशवीत घेऊन तीनदा घरी आले.
चौथ्या खेपेला बाईंनी झोपेचं विचारलं नाही.
म्हणाल्या, तुम्ही लोक खोली कशी मोजता?
दादानं भिंतींकडं पाहिलं,
मग छताकडं.
"कुठली?"
पाच महिन्यांतला पहिला प्रश्न.
"पाण्याची," बाई म्हणाल्या.
तेव्हा त्यानं दोन्ही हात पसरले,
पार खांद्यातून,
एक पंजा कपाटाला लागला, दुसरा कॅलेंडरला,
"हा एवढा. एक वाव."
हात तसेच राहिले थोडा वेळ.
बाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं.

आत किती वाव दोरी गेली, मला माहीत नाही.
बाकावर बसून मी
खोकल्याच्या बाटल्या मोजत होते.
तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते
आणि म्हणाला, भूक लागली.
दोन वडापाव. चाळीस.
हे वहीत लिहिलंय, खाली रेघ मारून.

बरा झाला असं नाही.
मधला एक गुरुवार वाऱ्यानं फेरीबोट बंद होती,
नंतरचा पैशानं.
गोळ्या संपल्या नि तो पुन्हा भिंतीकडं वळला,
आठ दिवस, जेवणाच्या ताटासकट.
मग मी शेडमध्ये रात्रपाळी मागितली.

काल धोपाव्याच्या धक्क्यावर शेवंतीमावशीनं विचारलं,
बरे झाले काय रे डोळे?
मी तोंड उघडलं होतं.
दादाच बोलला,
"डोळ्यांना काय झालंय? झोप नाय, जीव लागत नाय.
त्याची डॉक्टरीण आहे."
मावशीनं टोपली खाली ठेवली.
बोट लागेपर्यंत काहीच बोलली नाही.
उतरताना मला बाजूला ओढून,
हळूच,
"कितीला पडतं गो?
आमच्या सुनेचं विचारत होते."

मी तिला सगळा आकडा सांगितला, रिक्षेपासून.

पुढच्या गुरुवारला अजून तीनशे दहा कमी आहेत.
उद्या कोळंबी आली तर.