वाजवून घेताना

मडकं असो की लॅपटॉप, वाजवून घ्यावं.
डंडीत, हिलटाउनच्या चढावर, रूअरीच्या दुकानात
मी खिशातला पेन ड्राइव्ह काढला:
माझं लिनक्स घालून बघू का?
"बघ. पाचला कुलूप लावतो."

पहिला चंदेरी, देखणा,
वायफाय समोर असून ओळख देईना.
दुसरा मुका.
मग खालच्या फळीवरून हा: काळा, जाड,
एमची कळ गुळगुळीत, झाकणावर
कुठल्याशा कौन्सिलचं स्टिकर अर्धवट खरवडलेलं.
वायफाय लागलं. पडदा बोटासरशी उजळला, मावळला.
पंखा कुरकुरला, पण घरच्या माणसानं कुरकुरावं तसा.

राहिली एकच परीक्षा.
झाकण मिटलं. कडेचा दिवा संथ.
रूअरी किटलीच्या वायरला टेप गुंडाळत होता.
मी मनात शंभर मोजले.
रोज सकाळी मोजते, वॉर्डातून आल्यावर,
जाड पडद्यांमागे, हजाराच्याही पुढे.
उघडलं.
सोडलं होतं तिथेच, अर्ध्या शब्दापाशी,
कर्सर लुकलुकत होता.

नव्वद पौंड. चार्जर वेगळा.
"झोपतो ना नीट?" रूअरीनं विचारलं.
नोटा मोजताना माझा आकडा चुकला.