जास्तीचे चारशे बारा

अजनीच्या पुलावर, चढाला,
दांडा डी वर असूनही गाडी मागे सरकली.
मागचा ट्रकवाला ओरडला, "ओ बाई, गिअर टाका ना!"
त्याला काय सांगू,
टाकायचा गिअरच नको म्हणून घेतली ही,
डाव्या गुडघ्यापायी.

वर्धा रोडच्या सर्व्हिस सेंटरात गारेगार एसी.
बोरकुटे नावाचा पोरगा, गळ्यात ओळखपत्र,
छापील ओळीवर बोट ठेवून म्हणाला,
तीन वर्षं किंवा साठ हजार, मॅडम,
जे आधी होईल ते.
तुमचे साठ हजार चारशे बारा.

तारखेला अजून दोन महिने होते.
गिअरबॉक्सचे एक लाख चौऱ्याऐंशी,
जीएसटी वेगळा.

पाण्याची बाटली हातात धरून मी बसले शोधत,
कोणते चारशे बारा परत करता येतील.
कळमेश्वरला चुकलेलं वळण, बावीस. घ्या.
सेवाग्रामचा दवाखाना, यांना घेऊन,
जाऊन-येऊन दीडशे. ते मोजायचेच नाहीत.
आणि एकदा रामटेक,
कोणाला न सांगता, एकटी,
काचा खाली करून.
शंभरच्या वर झाले असतील.
ते तर मुळीच नाही.

बाहेर सावलीत बसलेला म्हातारा मिस्त्री
तेलात बुडवलेलं बोट हुंगून म्हणाला,
"जळून गेलं ना हे, काळं कुट्ट.
मे महिन्यात सिग्नलवर उभी राहाते, काय करन बिचारी.
ऊन लागलं तिले."

एवढं मात्र त्या कागदावर कुठेच नव्हतं.

ऑटोने घरी आले.
तीन वर्षं सुटीवर असलेला डावा पाय
लाल दिवा दिसला की
दाबत होता ऑटोचा पत्रा.