सहा विड्यांचं गाणं

आमच्याकडे गाणं मिनिटांत मोजत नसत.
आई विड्यांत मोजायची.
एका गाण्याला सहा विड्या,
मध्ये सतार-बितार लांबली तर सात.
बातम्यांना किती, ते कधी कळलं नाही,
बातम्या लागल्या की ती पानं कातरायला घ्यायची.

रेडिओ सेलवरचा.
सेल बसत आले की आवाज आधी नाकात जायचा,
मग गाणारी बाई विहिरीत उतरून गायची.
मी सेल काढून पत्र्यावर मांडायचो
वाळत घातलेल्या मिरच्यांशेजारी,
आणि तळपाय पोळत उड्या मारत खाली यायचो.
सोलापुरात दुसरं काही फुकट नव्हतं,
ऊन होतं.
चार वाजता काढलेले सेल तासभर पुरायचे.
अजून मला वाटतं, संध्याकाळची ती गाणी
आमच्या पत्र्यावरच तापलेली होती.

रेकॉर्डी मात्र आमच्या नव्हत्या.
त्या सिद्रामप्पा स्पीकरवाल्याच्या.
लगीनसराईभर फिरायच्या
मंद्रूप, वळसंग, कुठं कुठं,
आणि हळदीची बोटं लागून परत यायच्या.
आषाढात मुहूर्त संपले, त्याचं घर गळायला लागलं
की पेटी आमच्या खोलीत.
मशीन, आणि एकतीस तबकड्या.
“वाजवा की, पर सुई जपा,” म्हणायचा,
आईकडून नेलेल्या दीडशे रुपयांचं नाव न काढता.

साऱ्या गावाच्या वराती बंद,
आमच्याच खोलीत चार महिने वरात.
वायर दिव्याच्या होल्डरमधून यायची,
म्हणजे गाणं लागलं की अंधार.
पद्मा फडक्यानं तबकडी पुसायची,
फडकं पिवळं व्हायचं.
कंदिलापाशी आईचं सूप, तंबाखूचा वास,
आणि कुण्या नवरीसाठी म्हटलेलं काहीतरी
आम्ही भाकरी-चटणीबरोबर ऐकायचो.

नायना यंत्रमागावर. चार माग, बारा तास.
कान कधीच कारखान्यात ठेवून आलेला.
घरी आला की पेटीला टेकून बसायचा
आणि लाकडावर तळहात ठेवायचा,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
कुठलं गाणं, ते त्यानं कधी विचारलं नाही.

एकदा गाणं संपलं,
सुई शेवटच्या रिकाम्या खाचेत फिरत राहिली.
खर्र, टक्. खर्र, टक्.
पद्मा उचलायला उठली.
“आपकू,” तो म्हणाला.
थांबवू नको.
हात तसाच, लाकडावर.
आम्ही हसणार होतो, आईनं नजरेनं दाबलं.
मग चौघंही ऐकत बसलो
ते काहीच नसलेलं,
गिरणीचा रात्रीचा भोंगा होईपर्यंत.
त्यात किती विड्या झाल्या, आईनं मोजल्या नाहीत.

तुळशीचं लग्न लागलं
की सिद्रामप्पा हातगाडी घेऊन दारात.
तुळशीच्या लग्नात कुणी रडतं का?
पद्मा रडायची.

आता नायना नाही.
पेटी कुठल्या भंगारात गेली, कोण जाणे.
दीडशे रुपये तर नाहीतच.
परवा स्टेशनवरून आईला रिक्षानं घरी आणत होतो.
रिक्षावाल्याच्या मोबाइलवर त्या एकतिसांतलं एक लागलं,
अगदी स्वच्छ, कुठं हळद नाही.
आई बाहेर बघत होती, हॉस्पिटलच्या पाट्या वाचत.
मांडीवर तिचा अंगठा आणि पहिलं बोट चाललं होतं,
पान नाही, तंबाखू नाही, दोरा नाही,
वळून, दुमडून, बाजूला. वळून, दुमडून, बाजूला.
गाणं संपलं.
“सात,” ती म्हणाली.
रिक्षावाल्यानं आरशात बघितलं.
“सात रस्ता मगाशीच गेला की, मावशी.”