डब्याच्या झाकणात

शांतू,
रफीकच्या रिक्षात डबा पाठवलाय.
चिठ्ठी झाकणात आहे, तेलकट झाली तर उन्हात धरून वाच.
ज्वारीच्या दोन भाकरी, येसर घालून आमटी,
आणि अंडं तूच खा, कुत्र्याला टाकू नकोस.
रफीकनं पाहिलंय.

दुसरा रिपोर्टही तसाच आला, कळलं.
बदनापूरच्या त्या मळ्यात, मोटारीच्या खोलीत
मोसंबीच्या झाडांशिवाय तुला कोणी नाही,
आणि झाडं काही विचारत नाहीत.
माझ्या भावानं तुझं नाव ठेवलं शांतवन;
घरात कुणी रडलं की तुलाच पुढं करायचे.
आता तुझ्याकडं कुणाला पाठवावं, सांग.

माझ्याकडून प्रवचनाची आशा धरू नकोस.
अडतीस वर्षं बेडपॅन उचलले मी
जालन्यात, मिशनच्या दवाखान्यात, शेवटच्या वॉर्डात,
जिथं नातेवाईक खिडकीतूनच
‘बरंय ना?’ म्हणून माघारी फिरायचे.
तिथं एक बाई होती भोकरदनकडची, कौतिकाबाई.
आठ महिने. कुणी आलं नाही.
रोज येरवाळी उठून ती आपला पितळी पेला घासायची
राखेनं, असा की त्यात तोंड दिसावं.
मी विचारलं, कुणासाठी एवढा कुटाणा?
म्हणाली, पाहुणा सांगून थोडाच येतो, सिस्टर.
मी बावीस वर्षांची, बाप्तिस्मा झालेली,
उपासनेत पहिल्या रांगेत गाणारी,
आणि प्रभूची वाट कशी बघायची
हे मला तिनं शिकवलं,
जिनं त्याचं नावही कधी घेतलं नव्हतं.

ती बरी झाली का, विचारशील.
नाही झाली.
खोटं लिहून भाकरीसोबत पाठवणार नाही मी.
पण तिच्या वेळी ह्या गोळ्या नव्हत्या.
तुला आहेत. मळमळ झाली तरी आहेत.
काचीगुडा गाडीची शिट्टी झाली की पाणी प्यायचं, गोळी गिळायची,
आज काय फरक पडला ते बघत बसायचं नाही.
विश्वासू राहणं ह्याहून फार वेगळं असतं
असं मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

प्रार्थना जमत नाही, असं तू फोनवर म्हणालास
आणि मग गप्प झालास, जसं काही चोरी सांगितली.
अरे, तुझे मामा गेले त्या वर्षी
डोळे मिटले की मला निस्ती पंख्याची घरघर ऐकू यायची.
मी तीच पुढं केली. म्हटलं, बापा,
आज घरात एवढंच आहे.
त्यानं घेतली असावी.
माझ्याकडं परत तरी आलेली नाही.

मंडळीतल्या दोघातिघांनी माझा हात धरणं सोडलंय.
एलियाजर खंडागळे प्रभुभोजनाला
माझ्या मागच्या बाकावरून उठून
पार दाराशी जाऊन बसले.
तू त्यांच्यावर रागवू नकोस.
मी रागवलेय तेवढं पुरे.
कुष्ठ्याला हात लावणाऱ्याचं नाव घेऊन
आपण सगळे रुमाल धरतो नाकाला; मीही धरला होता,
पहिल्या आठवड्यात, तुझ्या दारात.
तू पाहिलं होतंस. काही बोलला नाहीस.
ते मला अजून टोचतं. एवढंच लिहिते.

तुझी ढोलकी भिंतीला आहे.
मगर्‍यांच्या सुहासनं दोन रविवार वाजवली;
दुसऱ्या कडव्याला आम्ही एकीकडं, तो एकीकडं.
तेव्हा पाळक म्हणाले, राहू द्या,
शांतवन येईपर्यंत टाळ्यांवर गाऊ.
रविवारी साडेनऊला पहिलं गीत सुरू होतं, तुला ठाऊक आहे.
तुझ्याकडं ती पत्र्याची पेटी आहे ना,
तिच्यावर ताल धर. हळू धर, दम लागेल.
मधले वीस किलोमीटर
ज्याचे आहेत तो बघून घेईल.

डबा गरम पाण्यानं धुवूनच पाठव.
झाकणसुद्धा.
त्यात चार ओळी लिहून टाकल्यास तर बघ,
नाहीतर निस्तं ‘जेवलो’ लिही.

तुझी,
सगुणा आत्या