सेकंदाचा पाचशेवा भाग

बाळीवेशीत, घड्याळांच्या दुकानामागच्या खोलीत
रेवप्पा उपासे वर्तमानपत्र पसरतात, वर दोन कॅमेरे.
दोन्ही फिल्मचे. दोन्हींत तो पिवळसर चौकोन,
ज्यात समोरचं माणूस आधी दोन दिसतं
आणि रिंग फिरवत आणली की एक.

"हे सगळं हातानं. वेग तुम्ही ठरवायचा,
छिद्र तुम्ही ठरवायचं, चुकलं तर तुमचंच चुकलं.
ते दुसरं शहाणं हाय. उजेड बघतं,
किती वेळ उघडायचं ते आपलं आपण ठरवतं.
पण त्याला सेल लागतो अन् तसला सेल आता येत नाही.
जुळणी करून देतो, थोडं थांबा की ओ."

बिघडलं तर?

"हे मेलं तर मी उठवतो.
ते मेलं तर दोघं मिळून रडू."

आणि तुम्ही, असं मी विचारत नाही.
बहात्तर वर्षांची बोटं भिंग पुसताना थरथरतात,
स्क्रूवर टेकली की थांबतात.

मी हाताचा उचलते. वजनदार, थंड.
समोरच्या रसवंतीतल्या पोरावर धरते:
दोन पोरं, एक खरं, एक पुसट,
दोघंही चरकात ऊस घालतायत.
फिरवत फिरवत त्यांना एक करेपर्यंत
ते ग्लास देऊन, पैसे घेऊन
बाकावर जाऊन बसलेलं असतं.

हाताचं मला आवडतं, असं मी समजत आले.
कॉलेजात हातमागावर निबंध लिहिला होता,
बक्षीस मिळालं, नायनाला फोनवर वाचून दाखवला.
तो शेवटपर्यंत ऐकून हसला.
चौदा वर्षं खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस.
पहिला पॉवरलूम आला त्या दिवशी
मोटारीला हळदकुंकू लावून
त्यानं सगळ्या गल्लीला पेढे वाटले होते.
"छान लिहिलंयस," म्हणाला,
"आता गुडघ्यांना विचार."

तसं सोलापुरात उजेड मोजायला यंत्र कशाला?
मार्च ते जून एकच आकडा,
पाढ्यासारखा पाठ करून टाकायचा.
पण नायना आता आतल्या खोलीत असतो,
तिथं दुपारीही ट्यूबलाइट.

"आणि सेल नसलाच तर हे शहाणं बंद पडतं?"

"बंद नाही पडत. एक वेग उरतो की त्याच्याकडं.
सेकंदाचा पाचशेवा भाग.
बाकी सगळं विसरतं, तेवढं विसरत नाही."

पंखा फिरत होता. भिंतीवरची घड्याळं
प्रत्येकी आपापली वेळ दाखवत होती.

दिवाळीनंतर नायनाचं बोलणं गेलं.
मग नावं. आधी अम्माचं, मग माझं.
पण तुटलेला धागा हातात दिला
की तो गाठ मारतो. विणकराची, बारीक,
नखानं दाबलेली. बघतसुद्धा नाही तिच्याकडं.

"तेच द्या," मी म्हटलं.
"सेल बसवू दे की आधी."
"नको. असंच."

एवढ्या घाईच्या उघडझापीला उजेड भरपूर लागतो.
म्हणून खाट अंगणात ओढली.
अम्मा ओरडली, चव्वेचाळीस आहे बाहेर, वेड लागलं का,
आणि ओला टॉवेल घेऊन त्याच्या डोक्यावर धरून उभी राहिली.
टॉवेलची सावली तोंडावर यायची.
जरा मागं, अम्मा. अजून मागं.

चौकोनात दोन नायना.
मी रिंग फिरवली, सावकाश,
त्यानं धागा तेवढ्यात संपवला.
दुसरा दिला.

आवाज इतका बारीक की अम्मा विचारत राहिली,
काढला का? काढला का गं?

छत्तीसपैकी एकोणतीस अजून शिल्लक आहेत,
संपल्याशिवाय रोल पुण्याला धाडता येत नाही.
काल रेवप्पांचा फोन आला:
"सेलचं जमलं ओ, कॅमेरा घेऊन या,
सगळे वेग परत येतील."
येते म्हटलं.
मागच्या आठवड्यातही म्हटलं होतं.