शुद्धलेखन

पुस्तकाला खाकी कव्हर होतं, लेबलवर सुवार्ताच्या अक्षरात
'शुद्धलेखन, इयत्ता चौथी'.
आत एक मुलगी खराट्यावर बसून
विजेच्या तारांवरून चाललेली.

सापडलं भर उपासनेत, तिसऱ्या बाकावर,
गीतांच्या पुस्तकाच्या पोटात.
ओहोळबाईंनी चष्मा कपाळावर सारला
आणि दोन बोटांत धरून ते माझ्याकडे दिलं,
मेलेली पाल द्यावी तसं.
"आई म्हणून आधी तुम्हाला.
पाळकसाहेबांना नंतर."

संध्याकाळी पाळकांच्या घरी चहा, खारी,
क्वार्टर गेटच्या रिक्षांचा धूर खिडकीतून आत.
बाई म्हणाल्या, दार आधी किलकिलंच उघडतं.
आज गोष्टीतला मंत्र, उद्या दंडावर ताईत,
परवा चौकात लिंबू.
पाळक नवे, तिशीचे. म्हणाले,
जादू खोटी असते हे पोरांना आपल्याआधी कळतं.
प्रभूनेही गोष्टीच सांगितल्या की.
"त्यांत कुणी उडत नव्हतं," बाई म्हणाल्या.
मी खारी चहात जरा जास्तच धरली.
तुटली, तळाशी गेली.
मला दोघांचंही पटत होतं.

कारण आमच्या घरात चेटकीण हा शब्द
पुस्तकातून आलेला नाही.
तो आला शेवगावकडच्या एका वस्तीतून
वडिलांच्या आत्याच्या पाठीवर, वळांसकट.
पाटलाची म्हैस आटली, कुणाचं पोर तापाने गेलं,
आणि बायजाआत्याची नजर वाईट, असं पारावर ठरलं.
ती रात्रभर चालली.
मिशनच्या दवाखान्यात नर्सने तिला नाव विचारलं.
जात नाही, गुन्हा नाही,
नाव.
एवढ्यावर आमचं घराणं ख्रिस्ती झालं.

वडिलांनी मग घरात भुताची गोष्ट येऊ दिली नाही.
दिवाळी अंकात हडळीचं चित्र दिसलं
की दाढीच्या ब्लेडने नीट चौकोन कापत.
पलीकडच्या पानावरचा विनोद अर्धा जाई,
पाककृतीतलं मीठ जाई.
मी त्या चौकोनाला डोळा लावून
नाना पेठ बघायचे.
हडळीच्या मापाची नाना पेठ:
सायकलवाला, पाण्याचा टँकर,
मधल्या काकूंची वाळत घातलेली साडी.
हडळ कशी दिसते ते मात्र
मी स्वतःच ठरवत गेले, आणि माझी
चित्रापेक्षा भयंकर निघाली.

रात्री सुवार्ताला जवळ घेतलं.
रविवारच्या शाळेत झालेली त्या राजाची गोष्ट काढली,
जो वेष पालटून अंधारात
मेलेल्यांना बोलावणाऱ्या बाईकडे गेला.
बघ, म्हटलं, काय झालं त्याचं.
ती पांघरुणाचा दोरा ओढत होती.
"पण आई, तो घाबरून जमिनीवर पडला ना,
दिवसभर उपाशी होता ना,
तेव्हा तिनंच वासरू कापलं, भाकरी भाजल्या.
त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.
हे टीचरनी का नाही विचारलं?"

मी इतकी वर्षं ते वाचलं आहे.
भाकरीपाशी कधी थांबले नव्हते.
बायजाआत्याच्या भाकरीला हात लावायला
त्या वस्तीत शेवटी शेवटी कुणी तयार नव्हतं,
हे वडील एकदाच बोलले होते,
तेही ताटावरून उठता उठता.

"तू वाचणार का माझं पुस्तक?"
वाचेन म्हटलं. आधी मी.
"कापणार?"
हे तिला कुणी सांगितलं?
नाही म्हटलं.
ब्लेड कुठल्या डब्यात आहे ते मला अजून माहीत आहे.

लेबल तेवढं काढ, म्हटलं.
जादूचं नंतर बघू, खोटं आत्ता चालणार नाही.
तिने नखाने उचकटलं. डिंक पक्का होता.
'लेखन' निघालं,
'शुद्ध' काही निघेना.
थुंकी लावून घासत बसली बिचारी, साडेदहापर्यंत.

ओहोळबाईंचा फोन येऊन गेला.
उद्या करेन. काय सांगायचं ते
अजून ठरलेलं नाही. चाळीसाव्या पानावर
त्या मुलीला गावाबाहेर काढतायत
आणि मला झोप येत नाहीये.