‘घर’ हा शब्द वापरू नये

महापेच्या चौथ्या मजल्यावर एसी कायम अठरावर.
पडद्यावर तीनशे चाळीस ओळींचा तक्ता:
डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मी.
माल्टाहून आलेल्या खेळाला
शुक्रवारपर्यंत मराठी यायला हवं.

‘हिट’ म्हणजे मारणं नव्हे, आणखी एक पान मागणं.
‘बस्ट’ म्हणजे एकवीस ओलांडून फुटणं.
‘व्हेल’साठी देवमासा लिहिलं
तर तपासणारी शलाका हसली,
कॅसिनोत देव कुठून आला?
अडले की मी जिन्यात जाते
आणि पदूकाकाला फोन लावते.

गोठिवलीत बर्फाच्या कारखान्यामागे
पदूकाका चिठ्ठ्या लिहायचा.
कार्बनने निळा झालेला अंगठा, कानावर पेन्सिल.
त्याच्याकडे ओपन होता, क्लोज होता,
जोडी होती, तीन आकड्यांची पत्ती होती.
एकाचा कट सहा, दोनचा कट सात.
बेरीज शाळेत मागाहून शिकवली,
हे मला आधीच येत होतं.

“काका, व्हेल? म्हणजे खूप मोठं गिऱ्हाईक.”
“त्याला आमी सायेब म्हनायचो.
बुडला का मग नावानं.”

“आणि टिल्ट? हरल्यावर माणूस
सूड घेतल्यासारखा खेळत सुटतो, ते.”
पलीकडे लिफ्टचं दार वाजलं.
“त्याला शब्द नव्हता, बाय.
त्याला चा पाजायचो
आनि पुन्ना लिवायचो.”

ती ओळ मी पिवळी करून ठेवली.

‘हाउस एज’: दर डावात मालकाचा ठरलेला हिस्सा.
दोन शून्यांच्या चाकावर सव्वापाच टक्क्यांच्या जरा वर.
काका म्हणाला, नाल.
पत्त्यांच्या अड्ड्यावर बसल्याबसल्या कापतात ती.
जिंकणारा खुशीत असतो, हरणारा रागात,
तिच्याकडे बघायला कोणी मोकळा नसतो.
मी ‘नाल’ लिहिलं.
शलाका म्हणाली, घोड्याची की बाळाची?

टक्के म्हटलं की आमच्याकडे एकच आकडा: साडेबारा.
खाजण गेलं, मिठागर गेलं,
मग सिडकोच्या सोडतीत आजोबांच्या नावाची चिठ्ठी निघाली.
बाबांना वाटलं, आपला आकडा लागला.
प्लॉट गणपतीत हातात आला,
शिमग्याला नव्हता.
तिथे आता सात मजले आहेत
आणि खाली प्लास्टिकच्या खुर्चीत, निळ्या गणवेशात, पदूकाका.
येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत उतरवतो.
शेवटचे दोन आकडे
अजून जरा ठळक काढतो.

ओळ दोनशे बारा.
‘द हाउस ऑलवेज विन्स.’
मी लिहिलं, घर नेहमी जिंकतं.
वाचलं आणि हात थांबला.
आई ऐरोलीच्या बाजारात कोलीम विकायची.
रात्री पाटीखालचे पैसे मोजताना तिचे ओठ हलायचे,
बाबा दाराशी उभे असायचे, चपला न काढता.
मोजून झालं की ती नोटा
त्यांच्याकडे न बघता जमिनीवर ठेवायची.
घर नेहमी जिंकतं.
हे मी कुणाच्या तोंडी घालू?

शलाकाचा शेरा दुपारी आला, लाल अक्षरांत:
‘घर’ हा शब्द वापरू नये.
खेळणाऱ्याला स्वतःचं आठवतं.
‘कंपनी’ चालेल.

संध्याकाळी शेवटची ओळ राहिली, ‘पुश’.
“काका, दोघांचं सारखंच आलं, कोणी हरलं नाही,
लावलेले पैसे जसेच्या तसे परत. याला काय?”
तो बराच वेळ बोलला नाही.
कुणीतरी गेट उघडायला हॉर्न देत होतं.
“तसा एकदाच झाला बग.
ओपन लागला,
तुज्या बापाचा गेलेला सगला पैसा एका रात्री परत.
पै न पै. मी सोता मोजला.
मी म्हनलो, दादूस, ऊठ आता.”

मग?

“क्लोज बाकी व्हता.”